बलुतेदार व लोकप्रतिनिधित्व (मराठवाडा)

गावगाड्यातील पिढीजात कारागिरांना, म्हणजे बलुतेदारांना, गावच्या निवाड्यात असलेले स्थान आणि प्रौढ मतदानानंतर विधिमंडळात त्यांना मिळालेले प्रतिनिधित्व, हा या नोंदीचा विषय. बलुतेदारांची संख्या बारा अशी रूढ असली तरी याद्या गावोगाव बदलतात. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी व परीट ही नावे बहुतेक याद्यांत आढळतात. सोनार, गुरव, जोशी, मुलाणा यांच्याबाबत मात्र एकवाक्यता नाही. मराठवाड्याच्या दक्षिणेस कन्नड मुलखातील बारा ‘आयगारां’शी (गावसेवकांशी) ही व्यवस्था मिळतीजुळती असल्याने बाराचा आकडा मोजणीपेक्षा संकेत म्हणून घेणे अधिक सयुक्तिक ठरते.

बलुतेदार नेमका कोणाचा सेवक, हा वाद जुना आहे. उत्तर भारतातील एका खेड्याच्या अभ्यासावरून विल्यम वायझर यांनी 1936 मध्ये ‘जजमानी’ची मांडणी केली. तीत कारागीर ठरावीक कुटुंबांशी बांधलेला असतो. हेच चित्र पुढे महाराष्ट्रालाही लावले गेले. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांच्या आधारे निराळे मत मांडले. त्यांच्या मते बलुतेदार हा घराघराचा नसून सबंध गावाचा चाकर होता. बलुते हे त्याचे वतन (वंशपरंपरागत हक्क) होते आणि खळ्यावरचा वाटा त्याला गावाकडून हक्काने मिळे. वतनाचे तंटे गोतापुढे (गावच्या निवाडा करणाऱ्या सभेपुढे) जात, ही गोष्ट फुकाझावा यांच्या मताला बळ देते. मात्र त्यांचा आधार मुख्यतः मराठी राज्यातील दप्तरांचा आहे. मराठवाडा 1724 पासून 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, म्हणून हा निष्कर्ष येथे लावताना तारतम्य ठेवावे लागते.

गोतसभेचे स्वरूप महजरांवरून कळते. महजर म्हणजे वादाचा निवाडा नोंदवणारा कागद. त्याच्या शेवटी उपस्थितांच्या साक्षी असत आणि ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी, चांभाराची आरी, सुताराचा वाकस (लाकूड तासण्याचे हत्यार) अशा या खुणा असत. पाटलाच्या नांगराखाली त्याच कागदावर आरी उमटलेली दिसते, तेव्हा हा माणूस सेवेपुरता नव्हता, निवाड्याचाही साक्षीदार होता, हे ध्यानात येते. अर्थात साक्षीचा मान म्हणजे समता नव्हे. अस्पृश्य मानलेल्या बलुतेदारांना त्याच गावात पाणवठाही खुला नव्हता.

तेर (जि. धाराशिव) येथील संत गोरोबा कुंभारांची आख्यायिका येथे आठवते. परंपरेने त्यांचा काळ सुमारे 1267 ते 1317 असा मानला जातो. संतांच्या मेळ्यात थापटण्याने (मडकी थापटण्याच्या लाकडी साधनाने) एकेकाचे डोके थापटून पक्के कोण व कच्चे कोण हे त्यांनी ठरवले आणि नामदेवांना कच्चे म्हटले, असे सांगतात. हा इतिहासाचा पुरावा नव्हे. पण कुंभाराच्या पारखीला सभेत मान असू शकतो, ही कल्पना लोकमनात किती खोल होती ते यातून कळते.

निजामी राजवटीत 1937 साली अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमण्यात आली. 1939 मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांत प्रादेशिक मतदारसंघांऐवजी शेती, उद्योग, व्यापार, कामगार अशा हितसंबंधांनुसार प्रतिनिधित्वाची योजना होती. धंदा हाच प्रतिनिधित्वाचा पाया मानणारी ही योजना जबाबदार राज्यपद्धतीची (लोकनियुक्त विधिमंडळाला उत्तरदायी सरकारची) मागणी पुरी करीत नव्हती. प्रौढ मतदानाने हैदराबाद राज्याची विधानसभा 1952 मध्ये अस्तित्वात आली. मराठवाड्याचे तत्कालीन पाच जिल्हे 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आले.

येथून बलुतेदारांची वाट दुभंगली आणि या विषयातील खरा पेच इथेच आहे. महार, मांग व चांभार या जाती अनुसूचित असल्याने त्यांना विधानसभेत राखीव जागा मिळाल्या. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे इतर मागासवर्गात गणले गेल्याने त्यांना तशी तरतूद नाही. एकाच खळ्यावर शेजारी बसून वाटा घेणाऱ्यांपैकी काहींसाठी विधानसभेचे दार कायद्याने उघडले. उरलेल्यांना ते पक्षाच्या उमेदवारीवरच अवलंबून राहिले. ज्यांची वस्ती गावागणिक एकदोन घरांची, त्यांना संख्याबळाच्या राजकारणात उमेदवारी मिळणे अवघड, हे सांगायला नको. राखीव जागांचा इतिहासही सरळ नाही. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्यांना या जागा 1990 च्या दुरुस्तीपर्यंत कायद्याने बंद होत्या. मराठवाड्यातील 46 पैकी देगलूर, बदनापूर, औरंगाबाद पश्चिम, केज, उदगीर व उमरगा हे सहा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेनुसार अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत.

इतर मागासवर्गीय कारागिरांना कायद्याचा आधार मिळाला तो पंचायतींत. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर, 1994 पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत त्यांच्या प्रवर्गासाठी 27 टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 2021 च्या निकालाने हे आरक्षण थांबले आणि राज्याने नेमलेल्या बांठिया आयोगाच्या अहवालानंतर जुलै 2022 मध्ये त्याला पुन्हा मान्यता मिळाली. ते विधानसभेला लागू नाही.