अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांना ताण नेमका कशाचा येतो?

मृत्यू रोज जवळून पाहावा लागतो त्याचा, असे आपण सहज म्हणून जातो. तो ताण असतोच. पण संशोधनातून वारंवार पुढे येणारी कारणे आणखीही आहेत, आणि त्यांतली बरीच टाळता येण्यासारखी आहेत.

आवाजाचेच पाहा. मॉनिटर, व्हेंटिलेटर, औषधांचे पंप, सगळ्यांचे अलार्म एकाच खोलीत वाजत असतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच अतिदक्षता विभागांतल्या ७७ खाटांवरच्या मॉनिटरची ३१ दिवसांची नोंद तपासली. इशारे निघाले २५ लाखांहून अधिक! ऐकू येणारे अलार्म एका खाटेमागे दिवसाला १८७. हृदयाचे ठोके बिघडल्याचे जे १२,६७१ इशारे बारकाईने पाहिले, त्यांतले ८८.८ टक्के खोटे होते. खोट्या इशाऱ्यांना मेंदू सरावतो, पण पुढचा अलार्म खरा असेल ही धास्ती जात नाही. छातीवरचे इलेक्ट्रोड रोज बदलले आणि अलार्मच्या मर्यादा रुग्ण पाहून ठरवल्या, तरी हा गोंगाट बराच उतरतो.

याहून खोल जाणारा ताण निराळा आहे. समजा, रुग्ण बरा होण्याची आशा उरलेली नाही, तरी उपचार चालू ठेवायचे ठरले आहे. तो निर्णय परिचारिकेचा नाही. पण नळीतून कफ ओढताना, रक्तासाठी पुन्हा सुई टोचताना, कूस बदलताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटणारी वेदना तिलाच दिसते, कारण हात तिचे असतात. योग्य काय ते कळते, पण व्यवस्थेपुढे तसे वागता येत नाही, अशा घुसमटीला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये 'नैतिक क्लेश' म्हटले. रुग्ण गेल्यावरही ती बोच राहते. मला हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो.

रात्रपाळीने झोपेचे घड्याळ बिघडते, ते वेगळेच.

हे सगळे साचत गेले की 'बर्नआउट' येतो: पराकोटीचा थकवा, कामाविषयी तुटलेपण, आपल्याकडून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केले, की हा आजार नसून कामाशी निगडित स्थिती आहे. म्हणूनच परिचारिकांना नुसते ध्यानधारणेचे वर्ग लावून देणे मला अपुरे वाटते. कामाची रचनाच बदलायला हवी.

परिचर्या-संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ मधला अभ्यास अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांचा, आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा होता. तरी तो इथे लागू पडावा. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली. कॅलिफोर्नियात अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त रुग्ण देता येत नाहीत. ती जेवायला गेली तरी हे प्रमाण मोडून चालत नाही. तेवढ्या वेळापुरती तिच्या जागी दुसरी परिचारिका द्यावीच लागते.