दीर्घकालीन आजारांतील सेवामार्ग आणि आरोग्यनोंदी (नाशिक जिल्हा)

मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडविकार, सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक विकार) अशा आयुष्यभर सोबत राहणाऱ्या आजारांत निदानानंतर रुग्णाने केव्हा, कोठे आणि कशासाठी जायचे, याचा आखलेला क्रम म्हणजे सेवामार्ग. केसपेपर, उपचारपत्रक, प्रयोगशाळेचे अहवाल आणि औषधवाटपाच्या नोंदी एकत्र वाचून रुग्ण या क्रमात कोठे अडतो हे शोधायचे आणि तेथे दुरुस्ती करायची, अशी ही पद्धत आहे. नाशिक जिल्ह्यात हा मार्ग गावातील आशा व उपकेंद्रापासून सुरू होतो. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा रुग्णालय असे टप्पे घेत तो विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयापर्यंत जातो.

उगम : या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. बॉस्टनचे मधुमेहतज्ज्ञ एलियट जॉस्लिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मधुमेही रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी खातेवह्यांत ठेवल्या, म्हणून काही जण आरंभ तेथे मानतात. रुग्णालयीन परंपरेतील लेखक अमेरिकी डॉक्टर लॉरेन्स वीड यांना श्रेय देतात. केसपेपर रुग्णाच्या समस्यांनुसार लिहावा, ही त्यांची मांडणी १९६८ च्या लेखामुळे सर्वदूर पोचली. टप्प्याटप्प्याने आखलेल्या सेवामार्गाची कल्पना मात्र उद्योगातील कामाच्या नियोजनातून आली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास बॉस्टनच्याच न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमध्ये ती रुग्णसेवेत रुजली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. तिचा रोख दाखल रुग्णावर होता. शस्त्रक्रियेनंतर कोणत्या दिवशी काय करायचे, एवढाच तिचा आवाका. अमेरिकी डॉक्टर एडवर्ड वॅग्नर यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या दीर्घकालीन सेवेच्या प्रारूपात मात्र घरी असलेला रुग्ण केंद्रस्थानी आला.

दुसरा प्रवाह क्षयरोगाचा आहे. घरी राहून घेतलेले उपचार आरोग्यधामातील उपचारांइतकेच गुणकारी ठरतात, हे मद्रास येथील १९५० च्या दशकातील चाचणीने दाखवले. तेव्हापासून घरी गेलेल्या रुग्णाने गोळ्या घेतल्या की नाहीत याची नोंद उपचाराचाच भाग झाली. क्षयरोगतज्ज्ञ कारेल स्टिब्लो यांनी टांझानियात तिमाहीवार रुग्णगट धरून गटातील प्रत्येकाचे पुढे काय झाले हे सांगणारी नोंदपद्धत घडवली. तीच असंसर्गजन्य आजारांना लावावी, असे अँथनी हॅरिस व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सुचवले. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही तिमाही गटांचीच मोजणी आहे. नाशिकमधील परिस्थिती समजून घ्यायला हा दुसरा प्रवाह अधिक उपयोगी वाटतो, कारण येथील मुख्य प्रश्न न आलेल्या रुग्णाचा आहे.

मोजणी : समजा, एका केंद्रात रक्तदाबाचे १०० रुग्ण नोंदवलेले आहेत. तिमाहीत ६० आले आणि त्यांतील ४८ जणांचा रक्तदाब १४०/९० च्या आत निघाला. आलेल्यांवर भागले तर यश ८० टक्के, नोंदवलेल्यांवर भागले तर ४८ टक्के. ओपीडीच्या रजिस्टरवरून पहिला आकडा सहज निघतो. दुसऱ्यासाठी प्रत्येक रुग्णाचे स्वतंत्र पत्रक आणि भेट चुकलेल्यांची यादी लागते. आशाच्या हाती द्यायची ती हीच यादी.

नोंद वाचताना आकड्यांचा पोतही पाहावा लागतो. पानभर १२०/८० आणि १३०/८० असतील, तर रक्तदाब मोजला की अंदाजाने लिहिला, हा प्रश्न पर्यवेक्षकाने विचारलाच पाहिजे. मधुमेहात शुगरचा रकाना बहुधा भरलेला असतो. पाय, डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी) रक्तातील क्रिएटिनिन या वर्षातून एकदा करायच्या तपासण्यांचे रकाने कोरे राहतात. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसपर्यंत पोचलेल्या रुग्णाची जुनी पत्रके काढून पाहिली, तर संदर्भचिठ्ठी कधी द्यायला हवी होती ते त्यांतून कळू शकते. आणखी एक वही सोबत ठेवायला हवी : औषधसाठ्याची. केंद्रातल्या गोळ्या संपल्या असतील, तर त्या महिन्यात रिकाम्या हाताने परतलेल्यांवर ‘अनियमित’ असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

जिल्ह्यातील स्थिती : राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचे सध्याचे नाव २०२३ चे आहे. त्यानुसार तिशीपुढील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका गुणांत मोजणारी प्रश्नावली) आशा भरते आणि चारपेक्षा जास्त गुण आलेल्यांना तपासणीसाठी आधी बोलावले जाते. इथपर्यंतचा टप्पा कागदावर पक्का आहे. खरी अडचण पुढे आहे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील अनेक कुटुंबे भात-नागलीची कामे आटोपली की दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. पेठच्या वहीत ज्या बाईच्या भेटी चुकलेल्या दिसतात, तीच दिंडोरीच्या उपकेंद्रात नवीन रुग्ण म्हणून नोंदवली जाऊ शकते. एकीकडे माहेरचे आडनाव, दुसरीकडे सासरचे. मग दुसऱ्या गोळीपर्यंत पोचलेले उपचार पुन्हा रक्तदाबाच्या पहिल्या गोळीपासून, म्हणजे अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमपासून सुरू होण्याचा धोका असतो. आभा हा १४ अंकी आरोग्य-ओळख क्रमांक (आयुष्मान भारत डिजिटल मिशन, २०२१) दोन्ही नोंदी जोडू शकतो, पण तो दोन्ही ठिकाणी विचारला गेला तरच. त्याआधी करता येण्याजोगे साधे काम म्हणजे निघण्याची तारीख पत्रकावर लिहून घेणे आणि गोळ्या दोन-तीन महिन्यांच्या देणे. सेवामार्ग हंगामानुसार आखला, तरच तो या कुटुंबांच्या उपयोगाचा.

सिंहस्थ २०१५ मध्ये तात्पुरत्या दवाखान्यांतील नोंदी टॅबलेटवर घेऊन साथरोगांवर लक्ष ठेवण्यात आले होते. तो प्रयोग मोलाचा असला, तरी पाठपुरावा नसल्याने त्याला सेवामार्ग म्हणता येत नाही.

खासगी क्षेत्र व संमती : शहरातील अनेक रुग्णांची फाइल खासगी दवाखान्याची असते आणि ती प्लास्टिकच्या पिशवीतून रुग्णासोबतच फिरते. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी आल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे. भेट चुकलेल्यांची यादी गावात कोणाच्या नजरेस पडते, याची काळजी मात्र उपकेंद्रालाच घ्यावी लागते.

सिकलसेल : राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. सिकलसेलवरील हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तपेशींची गणना ठरावीक काळाने करून औषधाची मात्रा ठरवावी लागते. त्यामुळे मागील अहवाल हाताशी नसेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्याला मात्रा वाढवता येत नाही आणि पेशी घटल्या असतील तर वेळीच थांबवताही येत नाही.