चेदी आणि प्रांग : अयुथयाच्या नदीकाठची दोन शिखरे

बँकॉकच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर असलेल्या अयुथयाला जाऊन आलेली आपल्याकडची माणसे तिथल्या उंच विटकरी बांधकामांना कधी पॅगोडा म्हणतात, कधी स्तूप, तर कधी देवळाचा कळस, आणि बहुतेक वेळा हे तिन्ही शब्द एकाच बांधकामासाठी वापरतात. प्रत्यक्षात त्या परिसरात दोन वेगवेगळ्या परंपरांची शिखरे शेजारी शेजारी उभी आहेत. एकाला थाई लोक चेदी म्हणतात आणि दुसऱ्याला प्रांग. हा फरक डोळ्यांत बसला की भग्नावशेषांची गर्दी वाटणारे ते शहर वाचता येऊ लागते, कारण कोणत्या राजाने चेदी बांधला आणि कोणत्या राजाने प्रांग, यात त्या राज्याच्या चार शतकांच्या निष्ठा दडलेल्या आहेत.

अयुथया हे नाव आपल्या अयोध्येवरूनच आले आहे. राजा उ थोंग याने 1351 मध्ये ही राजधानी वसवली. चाओ फ्राया, पा सक आणि लोप बुरी या तीन नद्यांच्या पाण्याने वेढलेले हे शहर म्हणजे जणू एक बेटच, आणि शहराची बाजारपेठ, संरक्षण व सण हे सगळे त्या पाण्यावर अवलंबून होते. 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने शहर जाळले आणि राजधानी दक्षिणेकडे हलली. मागे राहिलेल्या अवशेषांना 1991 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. लाकडी राजवाडे आणि घरे नाहीशी झाली, विटांचे जे होते ते थोडेफार उरले, आणि जे उरले त्यात सर्वांत ठळकपणे दिसतात ती ही दोन शिखरे.

आधी चेदीकडे वळू, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. चेदी हा शब्द पाली ‘चेतिय’, म्हणजेच आपला ‘चैत्य’. मात्र मराठीत चैत्य म्हटले की कार्ले-भाजे इथल्या लेण्यांतले सभागृह डोळ्यांसमोर येते, तर थाई भाषेत त्या सभागृहाच्या टोकाला असलेला स्तूप, तेवढाच चेदी. कार्ल्याचा स्तूप ज्यांनी नीट पाहिला आहे, त्यांना गोल चौथरा, त्यावरचा घुमटाकार भाग, त्यावरची चौकोनी हर्मिका आणि सर्वांत वर आजही टिकून असलेली लाकडी छत्री आठवत असेल. हाच क्रम श्रीलंकेमार्गे सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, पोहोचला आणि तिथे उंच, निमुळता झाला. घुमटाची घंटा झाली. थाई भाषेत त्या भागाला घंटाच म्हणतात. हर्मिकेला ते ‘बान्लांग’ म्हणतात, म्हणजे सिंहासन. हा शब्द पाली ‘पल्लंक’वरून आला आहे आणि आपला पलंगही त्याच कुळातला. एकावर एक रचलेल्या छत्र्यांची कडी झाली आणि ती वर जाताना लहान लहान होत गेली. त्याच्याही वरच्या गुळगुळीत, फुगीर सुळक्याला थाई लोक ‘प्ली’ म्हणतात, म्हणजे केळफूल. एकदा हे नाव कळले की प्रत्येक चेदीच्या माथ्यावर केळफूलच दिसू लागते.

प्रांगचा जन्म दुसऱ्या परंपरेत झाला. ख्मेर राज्यकर्त्यांनी कंबोडियात आणि आजच्या थायलंडच्या मोठ्या भागात जी दगडी मंदिरे बांधली, त्यांच्या गाभाऱ्यावरचे शिखर म्हणजे प्रांगचा पूर्वज. फिमाय इथले मंदिर आणि लोप बुरीतली तीन जोडशिखरे ही त्याची थायलंडमधली उदाहरणे. मंदिराचे शिखर मेरू पर्वताचे रूप असते, ही कल्पना आपल्याला नवी नाही. अयुथयाच्या कारागिरांनी दगडाऐवजी मुख्यतः वीट आणि चुन्याचा गिलावा वापरला, शिखर अधिक सडसडीत केले आणि आतल्या देवाच्या जागी बुद्धाचे अवशेष किंवा बुद्धमूर्ती आणली. प्रांगच्या मधल्या भागाला ‘रुआन थात’ म्हणजे धातूचे घर म्हणतात. इथे धातू म्हणजे पवित्र अवशेष. त्या घराला चार दिशांना दारे किंवा कोनाडे असतात आणि बहुधा पूर्वेकडचे दार खरे, चढून जाता येईल असे असते. त्यावर थरांमागून थर चढतात आणि प्रत्येक थराच्या कोपऱ्यांवर पाकळ्यांसारखे उभे तुकडे बसवलेले असतात. थाई भाषेत त्यांना फणसाचे गरे म्हणतात. या गऱ्यांमुळे लांबून प्रांग मक्याच्या कणसासारखा दिसतो, आणि ही उपमा खुद्द थाई लोकच देतात. माथ्यावर केळफूल नसते, तर नेहमीच्या अर्थाच्या धातूचा अनेक टोकांचा शूल असतो. त्याचे थाई नाव ‘नोप्फसून’, म्हणजेच संस्कृत नभशूल.

म्हणजे घंटा दिसली तर चेदी आणि कणीस दिसले तर प्रांग, इतके हे सोपे आहे का? बहुतांश ठिकाणी आहे, पण अयुथयात फसगत करणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. पहिली अडचण भाषेची. थाई लोक चेदी हा शब्द व्यापक अर्थानेही वापरतात आणि त्या अर्थाने प्रांग हादेखील चेदीचाच एक प्रकार ठरतो. दुसरी अडचण आकाराची. अयुथयाच्या उत्तरार्धात एक असा चेदी लोकप्रिय झाला, ज्याच्या चौकोनी अंगाचे कोपरे दुमडत दुमडत बारा किंवा त्याहून अधिक कोन केलेले असतात. हे दुमडलेले कोपरे प्रांगलाही असतात, त्यामुळे नवखा माणूस अडखळतो. राणी सुरियोथाय हिच्या स्मृतीशी जोडलेला पांढरा-सोनेरी चेदी या घडणीचा आहे. अशा वेळी कोपरे न पाहता मधला भाग पाहावा: तो कोनांत दुमडलेला असला तरी घंटेसारखा खाली पसरून वर आवळत जातो, आणि त्याला दार नसते.

दाराची ही खूणही आंधळेपणाने वापरू नये. बेटाच्या आग्नेयेला, नदीपलीकडे असलेल्या वाट याय चाय मोंगखोन (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे विहार) या विहारातला मोठा चेदी साठ मीटरच्या आसपास उंच आहे. ब्रह्मी युवराजाला हत्तीवरच्या द्वंद्वात मारल्याच्या विजयाशी, म्हणजे राजा नरेसुआनच्या पराक्रमाशी, परंपरा त्याचे नाते जोडते. त्याला जिना आहे आणि आत एक दालनही आहे. तरीही तो चेदीच, कारण डोळ्यांत भरते ती घंटा, खोली नव्हे. चेदीत खोली असली तर ती घंटेच्या पोटात शिरलेली असते. प्रांगमध्ये मात्र खोली हेच मूळ असते आणि शिखर तिच्यावर उभे राहते. माझ्या मते दोघांतला खरा फरक हाच आहे.

प्रांग समजून घ्यायला वाट राचबुराना या विहाराइतकी चांगली जागा नाही, आणि वेळ थोडा असेल तर मी बाकीचे सोडून तिथेच थांबेन. 1424 मध्ये राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या दोन थोरल्या मुलांनी गादीसाठी हत्तींवरून द्वंद्व केले आणि दोघेही मारले गेले. तिसरा भाऊ बोरोमराचा दुसरा या नावाने राजा झाला आणि भावांच्या अंत्यसंस्काराच्या जागी त्याने हा विहार बांधला. जिथे ते दोघे पडले, त्या जागी मात्र त्याने दोन चेदी उभारले, असे इतिवृत्त सांगते. एकाच शोकासाठी एकाच माणसाने दोन्ही आकार वापरले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते: मृत्यूच्या जागेची खूण म्हणून चेदी, आणि विहाराचे केंद्र म्हणून प्रांग.

त्या प्रांगच्या पोटात, जमिनीच्या दिशेने, एकाखाली एक दालने आहेत. 1957 मध्ये चोरांनी ती फोडली आणि बरेच सोने लंपास केले. त्यांतले काही परत मिळाले आणि जे चोरांच्या हाती लागले नव्हते, ते पुरातत्त्व खात्याने बाहेर काढले. त्यांत सोन्याची तलवार होती, रत्नजडित सोन्याचा हत्ती होता आणि मातीच्या व धातूच्या असंख्य लहान बुद्धप्रतिमा होत्या. या प्रतिमा देणगीदारांना देऊन जो निधी उभा राहिला, त्यातून 1961 मध्ये चाओ साम फ्राया हे संग्रहालय उघडले गेले. हे त्याच तिसऱ्या भावाचे राजा होण्याआधीचे नाव. आज पर्यटकाला अरुंद, उभ्या जिन्याने दालनात उतरून भिंतींवरची मळकी, पण अजून रंग धरून असलेली चित्रे पाहता येतात. संग्रहालय आधी पाहिले तर ते रिकामे दालन अधिक कळते.

रस्त्यापलीकडच्या वाट महाथातमध्येही एके काळी प्रचंड प्रांग होता. 1374 मध्ये सुरू झालेल्या या विहाराचे शिखर सतराव्या शतकात कोसळले, पुन्हा बांधले गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परत ढासळले. आता तिथे जोतेच उरले आहे. झाडाच्या मुळांत अडकलेले बुद्धाचे शिर पाहायला सगळे इथे येतात. छायाचित्र काढताना त्या शिरापेक्षा आपले डोके वर जाऊ नये म्हणून खाली बसण्याची रीत आहे आणि ती मनापासून पाळावी.

शहराच्या पहिल्या शतकभरात विहाराच्या मध्यभागी असा प्रांगच असे, कारण नवे राज्य स्वतःला ख्मेर वैभवाचे वारस मानत होते. नंतर राजा त्रैलोक्यनाथ याने 1463 मध्ये आपले आसन उत्तरेकडच्या फित्सानुलोकला हलवले. हा जुन्या सुखोथाय राज्याचा मुलूख, आणि सुखोथायची ओढ श्रीलंकेच्या बौद्ध परंपरेकडे व घंटाकार चेदीकडे होती. ती ओढ पुढे राजधानीत उतरली. त्रैलोक्यनाथाच्या मुलाने 1492 मध्ये वाट फ्रा सी सानफेत या राजवाड्यातल्या विहारात दोन चेदी बांधले, एक वडिलांच्या अस्थींसाठी आणि एक थोरल्या भावाच्या. त्याच्या स्वतःच्या अस्थींसाठी तिसरा पुढे बांधला गेला. एका रांगेतले हे तीन करडे चेदी आज अयुथयाचे बोधचिन्हच बनले आहेत. जवळ गेल्यावर मात्र दिसते की प्रत्येक घंटेला चारही बाजूंना दारमंडप जोडले आहेत, म्हणजे प्रांगची सवय पूर्णपणे सुटली नव्हती.

ती सवय दीडशे वर्षांनी उघडपणे परतली. राजा प्रासात थोंग याने 1630 मध्ये चाओ फ्रायाच्या पश्चिम तीरावर वाट चायवत्थनाराम बांधला: मध्ये सुमारे 35 मीटर उंच प्रांग, त्याच्या चार कोपऱ्यांना चार लहान प्रांग आणि भोवती आठ निमुळती दालने. या आठ दालनांना लांबून पाहणारा चेदी म्हणतो, पण ती पोकळ आहेत, आत बुद्धमूर्ती बसवलेल्या आहेत आणि त्यांना मेरू म्हणतात. खरे दुमडलेल्या कोपऱ्यांचे दोन चेदी प्रांगच्या समोर, नदीच्या बाजूला आहेत. या विहाराकडे होडीने यावे. बांधणाऱ्यांनी त्याचे तोंड पूर्वेला, नदीकडे ठेवले आहे, आणि पाण्यावरून पाहताना आधी चेदी व मग त्यांच्या मागून वर येणारा प्रांग हा क्रम आपोआप लागतो.

सणांच्या दिवसांत ही शिखरे केवळ अवशेष राहत नाहीत. लॉय क्राथोंग हा सण थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, बहुधा नोव्हेंबरात येतो; बहुतेक वर्षी ती आपली त्रिपुरी पौर्णिमाच असते. केळीच्या सोपटाचा आणि पानांचा द्रोण करून त्यात मेणबत्ती, उदबत्ती व फुले ठेवून नदीत सोडतात. कार्तिकात पाण्यात दिवे सोडणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. विशाख पौर्णिमेला विहारांत मेणबत्त्या घेऊन तीन प्रदक्षिणा घालतात, उजवी बाजू मध्याकडे ठेवून. चेदी किंवा प्रांग पाहताना आपणही त्याच दिशेने फिरावे.

एप्रिलच्या 13 ते 15 तारखांना सोंगक्रान येतो, तेव्हा विहारांच्या अंगणात लोक वाळूचे चेदी रचतात. वर्षभर येता-जाता पायांना चिकटून विहाराची जी वाळू बाहेर गेली, ती परत आणून द्यायची, अशी त्यामागची समजूत आहे. ओल्या वाळूचा ढीग हातांनी थोपटून वर निमुळता करतात आणि त्यावर फुले व रंगीत कागदी पताका खोवतात.