माशातला पारा आणि सेलेनियम

"माशांत पारा असतो, गरोदर बाईने मासळी पूर्ण बंद करावी." हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. काळजीपोटीच पुढे जातो, आणि त्यातलं अर्धं खरंही आहे: पारा असतो.

पण तो घात कसा करतो ते बघा. सेलेनियम या खनिजावर चालणारी काही एन्झाइम (शरीरातल्या क्रिया घडवणारी प्रथिनं) मेंदूच्या पेशींना इजेपासून वाचवतात. पाऱ्याला सेलेनियमची विलक्षण ओढ. तो त्यालाच जखडतो आणि ही एन्झाइम ठप्प होतात. म्हणून नुसता पारा किती हे विचारून भागत नाही, सोबत सेलेनियम किती हेही विचारायला हवं: ते जास्त असेल, तर पाऱ्याने काही जखडूनही एन्झाइमसाठी उरतं. बहुतेक समुद्री माशांत ते पाऱ्याहून जास्त असतं. डॉल्फिन, देवमाशांच्या यकृतात तर दोघांचं न विरघळणारं संयुग कणाकणाने साठलेलं सापडतं.

माशाच्या तपासणीचा प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला, तर मिलिग्रॅमची थेट तुलना करू नका. पाऱ्याचा आकडा २०० ने भागा, सेलेनियमचा ७९ ने; ही त्यांच्या अणूंची वजनं. मग अणूंचं प्रमाण कळतं; त्यात सेलेनियम जास्त हवं.

अहवाल नसेल तर पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात टोपलीकडे नीट बघा. वीतभर बांगडा, त्याहून लहान तारली: थोडं जगलेले मासे, पारा कमी. मोरी म्हणजे शार्क. तो इतर मासे खाऊन वाढतो, पारा साठत जातो, सेलेनियम अपुरं पडू शकतं. गरोदरपणी मोरी टाळाच.

सेलेनियमच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. रोजची गरज जेमतेम ५५ मायक्रोग्रॅम. अतिरेकाने केस गळतात, नखं ठिसूळ होतात.