पार्श्वभूमी: केमोच्या रुग्णाची सोलकढी का बंद झाली?

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातून उपचारांसाठी मुंबई गाठणाऱ्या घरांना नव्याने सांगावं लागत नाही. अडतं ते जेवणाशी. डिस्चार्जच्या कागदावर ‘कच्चं बंद’ असं लिहिलेलं असतं आणि कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, सोलकढी पानातून उठते. आंब्याचं काय, ते कागदावर नसतं. मग फोनाफोनी होते.

या बंदीचं मूळ जुनं आहे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी 1000 च्या खाली गेल्या की संसर्ग वाढतो आणि 100 च्या खाली तर फारच, हे 1966 मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरून मांडलं गेलं. 1971 मध्ये कल्चरची, म्हणजे रक्तात कोणते जंतू वाढतात त्या तपासणीची, वाट न बघता ताप येताच अँटिबायोटिक देण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याच काळात काही रुग्णांना गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवून निर्जंतुक अन्न देत. खोल्या मोजक्यांनाच मिळाल्या. जेवणाचा नियम मात्र सगळ्यांच्या गळ्यात पडला, तोही वेगळा तपासून न बघता.

तपासणी झाली ती फार उशिरा. 2008 च्या एका अभ्यासात तीव्र रक्तकर्करोगाच्या 153 रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त शिजवलेलं, तर उरलेल्यांना ताजी फळं-भाज्याही दिल्या. मोठे संसर्ग पहिल्या गटात 29 टक्के, दुसऱ्यात 35. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. नंतरच्या अभ्यासांचा कलही तोच. तरी कागद बदलले नाहीत. आधीच तोंडाची चव गेलेल्या माणसाला मऊ भात आणि उकडलेला दुधी किती दिवस घालणार? स्वच्छ धुतलेली काकडी, घरी सोललेला हापूस, उकळून गार केलेल्या पाण्यात लगेच काढलेला नारळाचा रस यांना सरसकट नकार देण्याइतका पुरावा नाही. खरी काळजी हवी ती न उकळलेल्या विहिरीच्या पाण्याची, अर्धकच्च्या कालवांची आणि सकाळपासून बाहेर राहिलेल्या वाटणाची.

पेशी वाढवणारं इंजेक्शन अमेरिकेत 1991 मध्ये मंजूर झालं. 2001 मध्ये हैदराबादच्या एका कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती आणली आणि पुढे किंमत आवाक्यात येत गेली. रोज टोचायच्या इंजेक्शनाऐवजी प्रत्येक केमोमागे एकच पुरेल असं औषधही 2002 मध्ये आलं. कोकणात अडचण वेगळीच: औषध 2 ते 8 अंशांत राहायला हवं, पण गोठता कामा नये. म्हणून थर्मोकोलच्या डब्यात बर्फ आणि सिरिंज यांच्यामध्ये टॉवेलाची घडी घालून लोक रात्रीची गाडी पकडतात. इंजेक्शनानंतर कंबर, मांड्या ठणकतात. त्याची कल्पना आधी दिलेली बरी, नाहीतर घरचे घाबरतात.

पावसाळ्यात प्रश्न तापाचा. लावणीच्या दिवसांत ताप म्हटला की लेप्टो, डेंग्यूचाच संशय येतो आणि हातात क्रोसिन पडते. केमो चालू असताना तापमान 100.4 फॅरनहाइटवर टिकलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, केमोची फाइल घेऊन सरळ रुग्णालय गाठायचं. तिथे पहिलं अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं असा प्रघात आहे.