ब्रॅकेट की हँगर? जुन्या गाडीच्या सायलेन्सरचा आधार

ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी रॅम्पवर चढवली की सायलेन्सरची लाइन धरून ठेवणाऱ्या पट्ट्या सगळ्या सारख्याच दिसतात: गंजक्या, काळ्या, बोल्ट अर्धे खाल्लेले. मग सरसकट सगळ्यांना ‘क्लॅम्प’ म्हणायचं आणि एकाच मापाने कसायचं. खरं तर त्यात दोन जाती आहेत आणि त्यांची कामं एकमेकांच्या उलट.

ब्रॅकेट असतो पुढे. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो बेंड पाइपला, म्हणजे इंजिनकडून खाली वळून येणाऱ्या पहिल्या पाइपला, गिअरबॉक्सशी बांधतो. इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टने एकजीव असतात आणि रबरी माउंटिंगवर बसतात. ॲक्सिलरेटर दाबला की दोन्ही एकदम कलतात, मॅनिफोल्डला (इंजिनमधला धूर गोळा करणाऱ्या ओतीव भागाला) लावलेला हा पाइपही त्यांच्याबरोबर. म्हणजे इथे सगळी मंडळी एकत्रच हलते, त्यामुळे पट्टी लोखंडी आणि घट्टच पाहिजे. ‘काय काम आहे हिचं?’ म्हणून ती काढून टाकली, तर पाइपची सगळी थरथर फ्लँजवर, म्हणजे पाइप मॅनिफोल्डला बोल्टने जोडतो त्या सांध्यावर, येते. सांध्यातलं गॅस्केट जातं, आणि फट्फट आवाज सुरू झाला की मालक उगाच कार्बोरेटर उघडायला लावतो!

हँगर मागे. त्याचं एक टोक पाइपवर, दुसरं बॉडीवर, मध्ये रबर. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही. हा फरक रबरानेच पचवायचा. शिवाय लोखंड तापलं की वाढतं. तीन मीटरची लाइन सरासरी २०० अंशांनी तापली तर साधारण ७ मिलिमीटर लांबते. ती वाढ कुठेतरी जायलाच हवी.

रबर तुटलं की नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये पाच मिनिटांत जाड पट्टी वेल्ड करून मिळते, आणि ती कधीच तुटत नाही. तुटतो तो बेंड पाइप, किंवा मॅनिफोल्डला तडा जातो. जुन्या गाडीला मॅनिफोल्ड शोधणं काय असतं ते ज्याने शोधलंय त्याला विचारा. त्यापेक्षा कॅनव्हास घातलेल्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा बरा. साधं रबर मात्र उष्णतेने कडक होऊन तडकतं, म्हणून सायलेन्सरच्या अंगाला लागेल असं ठेवू नका.

ओळखायचं कसं? पट्टीची दोन्ही टोकं पाहा. दोन्ही इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूची असतील तर घट्ट. एक जरी बॉडीवर गेलं तर मध्ये रबर.

बसवताना सगळे बोल्ट आधी ढिले ठेवा, लाइन आपल्या वजनाने लोंबू द्या. मग फ्लँजचे बोल्ट आवळा, त्यानंतर ब्रॅकेटचे. भोक जुळत नाही म्हणून पाइप ओढून बोल्ट घातलात तर तो ताण कायम फ्लँजवर राहतो. शेवटी मागच्या ॲक्सलवरून जाणारा पाइप बघा. गाडी रिकामी असताना तिथे भरपूर जागा दिसते. पण कसारा घाटात मागे तिघं आणि डिकीत सामान असलं की लीफ स्प्रिंग दबते आणि प्रत्येक खड्ड्याला पाइप ॲक्सलवर ठणठण वाजतो. म्हणून ते अंतर मागच्या सीटवर माणसं बसवूनच तपासा.