आंब्याच्या मोहोरावरची भुरी आणि करपा: फरक कसा ओळखावा आणि उपाय केव्हा करावा

परसातल्या आंब्याचा मोहोर तपकिरी होऊन झडू लागला की कोकणात सर्रास ‘मोहोर जळला’ असे म्हटले जाते, आणि दुकानात जे बुरशीनाशक हाताशी असेल ते आणून फवारले जाते. मोहोर जळण्यामागे मात्र बहुधा दोन वेगळ्या बुरशींपैकी एक असते. एकीमुळे भुरी होते आणि दुसरीमुळे करपा. या दोन बुरशींच्या गरजा बऱ्याच अंशी परस्परविरुद्ध आहेत, त्यामुळे त्यांच्यावरचे औषध वेगळे असते आणि, घरच्या बागेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, त्यांच्याशी लढण्याचा महिनाही वेगळा असतो. भुरीचा बंदोबस्त मोहोराच्या दिवसांत करता येतो. करप्याचा बंदोबस्त मोहोर येण्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्याच्या आगेमागे करावा लागतो.

या दोहोंची गल्लत होणे स्वाभाविक आहे, कारण शेवटच्या अवस्थेत दोन्ही रोगांचा मोहोर सारखाच दिसतो: काळपट, वाळलेला, हात लावताच गळणारा. म्हणून पूर्ण जळालेल्या तुऱ्याकडे पाहून निदान करू नये. त्याच झाडावरचा, नुकताच रोग लागलेला एखादा तुरा शोधावा आणि तो सकाळच्या उजेडात जवळून पाहावा.

भुरी लागलेल्या ताज्या तुऱ्यावर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी भुकटी दिसते. ती बहुतेक वेळा तुऱ्याच्या टोकाकडून सुरू होते आणि देठावरून, फुलांच्या पाकळ्यांवरून, कणी (नुकतीच धरलेली इवलीशी कैरी) धरली असेल तर तिच्यावरूनही खाली पसरत जाते. बोटाने पुसली की ती निघते आणि खालचा भाग सुरुवातीला हिरवाच असतो, कारण ही बुरशी वनस्पतीच्या पृष्ठभागावर वाढते आणि केवळ वरच्या थरातील पेशींमध्ये शोषक तंतू घुसवते. याच भुकटीचे राखाडी चट्टे कोवळ्या पालवीच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या आसपास दिसतात आणि अशी पाने वेडीवाकडी होतात. रोग लागलेली फुले उमलतच नाहीत किंवा उमलून गळतात. वाटाण्याएवढ्या झालेल्या कैरीला भुरी लागली तर तिची साल खरखरीत, जांभळट-तपकिरी होते आणि अशा बहुतेक कैऱ्या गळतात. ज्या टिकतात त्यांच्या सालीवर तो खरखरीतपणा शेवटपर्यंत राहतो.

करप्याची सुरुवात ठिपक्यांनी होते. देठावर आणि उपदेठांवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे किंवा गडद तपकिरी ठिपके उमटतात, ते लांबट होतात, एकमेकांत मिसळतात आणि जेथे ते देठाला वेढा घालतात त्याच्या पुढचा सगळा भाग वाळतो. पांढरे काही दिसत नाही, पुसून काही निघत नाही, कारण बुरशी पेशी मारत आत शिरलेली असते. कोवळ्या पानांवरही असेच तपकिरी, पिवळसर कडेचे ठिपके पडतात आणि पुढे मधला भाग गळून पानाला भोके पडतात. फांद्यांचे शेंडे वाळणे हेही करप्याचेच लक्षण असू शकते. भुरीने मात्र जुनी फांदी मरत नाही. तेव्हा मोहोराबरोबर शेंड्याच्या काड्याही वाळलेल्या दिसत असतील तर संशय करप्यावर घ्यावा.

तुडतुडे ही या चित्रातली तिसरी भर आहे. तुडतुडे मोहोरातील रस शोषतात आणि त्यांच्या शरीरातून चिकट गोड द्रव बाहेर पडतो. त्यावर काळी काजळी वाढते आणि पाने व मोहोर काळेकुट्ट दिसू लागतात. ही काजळी झाडाच्या पेशींवर जगत नाही, ती केवळ त्या चिकट्यावर वाढते, म्हणून ओल्या कापडाने पुसली की निघते. तिला करपा समजून बुरशीनाशक फवारणे निरर्थक आहे, तेथे इलाज तुडतुड्यांवर हवा. तुरा हलवला आणि पाचरीच्या आकाराचे लहान किडे टुणटुण उड्या मारत बाहेर पडले तर प्रश्न कोणाचा आहे ते तेथेच कळते.

आता मुख्य भेदाकडे वळावे, आणि तो आहे पाण्याचा. भुरीचे बीजाणू रुजण्यासाठी पानावर किंवा फुलावर पाण्याचा थर असावा लागत नाही. हवा कोरडी असली तरी ते रुजतात, आणि सततच्या ओल्या थराने त्यांचे उलट नुकसान होते. त्यांना हवे असते ते सौम्य तापमान, साधारण ९ ते ३२ अंश सेल्सिअसच्या दरम्यानचे, त्यातही २३ अंशांच्या आसपासचे. रात्री गार, दिवसा ऊबदार, आभाळ अधूनमधून भरलेले, पण पाऊस नाही, असे जानेवारी-फेब्रुवारीतले दिवस म्हणजे भुरीचे दिवस. बीजाणू वाऱ्याने पसरतात, त्यामुळे एका कोपऱ्यातल्या तुऱ्यावरची भुकटी चांगल्या हवामानात थोड्याच दिवसांत सगळ्या झाडावर दिसू शकते.

करप्याच्या बुरशीचे, म्हणजे कोलेटोट्रायकमचे, याच्या नेमके उलट आहे. तिचे बीजाणू चिकट द्रवात गुंडाळलेले असतात आणि ते सुटे होऊन पसरायला पावसाचे किंवा ठिबकणाऱ्या दवाचे थेंब लागतात. थेंब वरच्या वाळक्या काडीवर पडतो आणि तेथले बीजाणू घेऊन खालच्या मोहोरावर उडतो. तेथेही पृष्ठभाग बराच काळ, साधारणपणे १२ तासांच्या आसपास, ओला किंवा जवळजवळ संपृक्त दमट हवेत राहिला तरच संसर्ग पक्का होतो. म्हणून मोहोराच्या काळात अवकाळी पाऊस झाला, किंवा दाट धुके दहा वाजेपर्यंत हटले नाही, तर करप्याची भीती धरावी. तेच दिवस कोरडे आणि स्वच्छ गेले तर करपा मोहोरावर जवळजवळ दिसत नाही.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही, कारण त्यांच्या वेलीवरची भुरी आणि डाऊनी (केवडा) या रोगांतही पाण्याचाच फरक आहे: भुरीला ओल्या पानाची गरज नाही, डाऊनी ओल्या पानाशिवाय लागत नाही. तेथेही भुरीवरचा जुना उपाय गंधक आहे, आणि मोरचूद (तांब्याचा क्षार) व चुना यांच्या बोर्डो मिश्रणाचा जन्मच १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये डाऊनीविरुद्ध झाला. आंब्याच्या बाबतीतही गंधक भुरीवर आणि तांबे करप्यावर ही विभागणी बरीचशी लागू पडते.

भुरीवर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यास २० ग्रॅम या प्रमाणात वापरतात. गंधक झाडात शोषले जात नाही, जेथे पडेल तेथेच काम करते, त्यामुळे फवारा तुऱ्याच्या आतल्या बाजूपर्यंत पोहोचला पाहिजे आणि भुकटी दिसण्यापूर्वी, निदान पहिल्या खुणेलाच, पडला पाहिजे. तापमान ३२-३५ अंशांच्या वर गेल्यावर गंधकाने कोवळी फुले आणि पाने भाजतात. म्हणून ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मारावे, आणि तेलयुक्त फवारणी केली असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. भुरी आधीच पसरली असेल तर ५ टक्के हेक्साकोनॅझोल १० लिटर पाण्यास ५ मि.ली. हा पर्याय कोकणात वापरात आहे. ते झाडात शोषले जाते आणि रोग रुजल्यानंतरही काही प्रमाणात आवरते. मात्र तेच तेच औषध सलग फवारत राहिल्यास बुरशी त्याला सरावते, त्यामुळे ते आणि गंधक आलटून पालटून वापरणे शहाणपणाचे. भुरीसाठी जुन्या पुस्तकांत डिनोकॅप या औषधाचे नाव आढळते, त्याच्या वापरावर आता भारतात बंदी आहे.

करप्याच्या बाबतीत मोहोरावरची फवारणी ही शेवटची फळी आहे. कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के हे मिश्र बुरशीनाशक १० लिटर पाण्यास १० ग्रॅम या प्रमाणात बोंगे (मोहोराचे कोंब) फुटताना आणि पाऊस पडून गेल्यावर फवारतात. पण घरच्या चार-दोन झाडांसाठी मला त्याहून जास्त भरवसा वाटतो तो आधीच्या स्वच्छतेवर. करप्याची बुरशी वर्षभर झाडावरच असते: गेल्या वर्षीच्या वाळक्या, न गळलेल्या तुऱ्यांत, शेंड्याच्या मेलेल्या काड्यांत, खाली पडून कुजणाऱ्या पानांत. फळे उतरवून झाली की ते जुने तुरे देठासकट काढावेत, वाळक्या काड्या हिरव्या भागापर्यंत मागे छाटाव्यात, आणि हा सगळा कचरा झाडाखाली न ठेवता जाळावा किंवा दूर पुरावा. परसात हे हातांनी करणे शक्य असते. शंभर कलमांच्या बागेत ते जिकिरीचे होते, म्हणून या बाबतीत लहान बागेची स्थिती मोठ्या बागेपेक्षा चांगली आहे.

छाटणीनंतर आणि पाऊस उघडल्यावर १ टक्का बोर्डो मिश्रण फांद्यांवर द्यावे. त्यासाठी १० लिटर पाण्यास १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवावेत, मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ढवळत ओतावे, आणि लोखंडी खिळा किंवा चाकूचे पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे असे समजून आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. उमललेल्या मोहोरावर मात्र बोर्डो फवारू नये, त्याने फुले भाजतात. तांब्याचे काम मोहोराच्या आधीचे, गंधकाचे काम मोहोराच्या वेळचे, हा क्रम पाळला तर दोन्हींचा उपयोग होतो आणि दोन्हींचा अपाय टळतो.

भुरीचे मूळ असे वाळक्या कचऱ्यात नसते. ती केवळ जिवंत पेशींवर जगते, त्यामुळे मोहोर नसतानाही झाडाच्या आतल्या भागातल्या कोवळ्या फुटीवर, सावलीत ती तग धरून राहते. म्हणून तिच्या बाबतीत झाडाचा आतला गर्दावा कमी करणे अधिक महत्त्वाचे आहे. पावसाळ्यापूर्वी मधल्या एक-दोन फांद्या काढून झाडाच्या पोटात ऊन आणि वारा शिरू दिला तर भुरीचा आसरा कमी होतो, आणि त्याच वाऱ्याने दव लवकर वाळून करप्यालाही आळा बसतो. दोन्ही रोगांवर एकच उपाय लागू पडतो असे हे जवळजवळ एकमेव ठिकाण. नवे कलम लावतानाच दोन झाडांत पुरेसे अंतर ठेवले, तर पुढे करवत कमी चालवावी लागते. नियमित छाटणी करणार असाल तर परसात ५ मीटर चालते, न करणाऱ्यांनी जुने १० मीटरचे अंतरच धरावे.

आंब्यावरची भुरी आणि काजूवरची भुरी यांची बुरशी एकच असल्याचे मानले जाते, आणि त्या नात्याने तिला काजूच्या नावावरूनच ‘अनाकार्डिआय’ हे शास्त्रीय नावही मिळाले आहे. कोकणातल्या आवारात हापूसशेजारी काजू असणे नेहमीचेच, तेव्हा आंब्याचा मोहोर पाहताना काजूच्या मोहोरावरही नजर टाकावी, विशेषतः वारा काजूकडून येत असेल तर.

एक विषय बुरशीचा नसला तरी येथे सांगणे आवश्यक आहे. मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक फवारू नये. आंब्याचे परागीभवन माश्या आणि मधमाश्या करतात, त्या मेल्या तर रोगापासून वाचवलेल्या मोहोरालाही कणी धरणार नाही. तुडतुड्यांसाठीची फवारणी बोंगे फुटताना उरकावी. आणि मोहोर गळताना पाहून घाबरून जाऊ नये, कारण एका तुऱ्यावर शेकडो फुले असतात आणि त्यांतील बहुतेक नरफुले असल्याने नैसर्गिकरीत्याच गळतात. देठ हिरवा, टवटवीत आणि स्वच्छ आहे, फक्त फुले झडत आहेत, अशा वेळी कोणतेच औषध नको.

फळ मोठे झाल्यावर दोन्ही रोगांची वाट पुन्हा वेगळी होते. कैरी गोटीपेक्षा मोठी झाली की भुरीचा धोका जवळपास संपतो. करपा मात्र कोवळ्या कैरीच्या सालीत शिरून तेथेच निपचित राहतो, झाडावर फळ निर्दोष दिसते, आणि अढीत चार-सहा दिवसांनी फळ पिवळे पडू लागताच सालीवर काळे, खोलगट डाग उमटतात. अढी नीट लावली नाही म्हणून आंबा सडला, असे त्याला समजले जाते. मोहोराच्या वेळी पाऊस झालेल्या वर्षी म्हणून फळे उतरवल्यावर त्याच दिवशी ५० ते ५२ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे १० मिनिटे बुडवावीत. पाण्यात तापमापक ठेवून आच कमी-जास्त करावी, कारण पाणी यापेक्षा गरम झाले तर साल भाजते आणि थंड राहिले तर बुरशी जिवंत राहते. बाहेर काढलेली फळे साध्या पाण्यात थंड करून, सावलीत पसरून देठाजवळचा ओलावाही सुकू द्यावा आणि त्यानंतरच ती पेंढ्यात ठेवावीत.